बंदूक कायद्यात बसते, मग फायर अलार्म का वाजला? स्प्रिंगफील्ड वॉलमार्टची केस

८ ऑगस्ट २०१९, गुरुवार, दुपारी चारच्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे, तिथल्या एका वॉलमार्ट नेबरहूड मार्केटच्या पार्किंगमध्ये वीस वर्षांचा एक पोरगा गाडीतून उतरला, अंगावर बुलेटप्रूफ जॅकेट चढवलं, पुढे रायफल अडकवली, कमरेला पिस्तूल होतंच, सोबत शंभरावर गोळ्या, आणि मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ चालू करून कार्ट ढकलत सरळ दुकानात शिरला. थोड्याच वेळात स्टोअर मॅनेजरने फायर अलार्म ओढला, दुकान रिकामं झालं, पोरगा इमर्जन्सी दरवाजातून बाहेर पडला तर तिथं ड्युटीवर नसलेल्या एका फायरमनने त्याच्यावर स्वतःचं पिस्तूल रोखून त्याला थांबवून धरलं, आणि मग पोलिस आले. बस्स, घटना म्हणून एवढीच.

एकही गोळी सुटली नाही, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी हीच केस घेतली ती त्यामुळेच. जिथं माणसं मरतात तिथं सगळी चर्चा मारणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं होतं ह्यावर जाते आणि दुकान, कामगार, कायदा हे सगळं मागे पडतं. इथं तसं होत नाही, इथं प्रश्न उघडा पडतो की ज्याला कायद्याने बंदूक घेऊन फिरायची परवानगी आहे असा माणूस दूध-ब्रेडच्या दुकानात रायफल घेऊन आला तर काउंटरमागच्या माणसाने नक्की करायचं काय. माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो म्हणजे वाचताना सोपं जाईल: ओपन कॅरीच्या, म्हणजे बंदूक उघड दिसेल अशी बाळगण्याच्या, कायद्यात बाळगणाऱ्याचा हक्क नीट लिहून ठेवलाय, पण त्याचा इरादा ओळखायचं काम गुपचूप ताशी पगारावाल्या माणसाच्या गळ्यात टाकलंय, आणि नंतर कंपन्यांनी ज्या पॉलिस्या काढल्या त्यांनीही ते काम त्याच्या गळ्यातून काढलं नाही.

आधीचे पाच दिवस

ही तारीख लक्षात घेतल्याशिवाय काहीच कळत नाही. ३ ऑगस्टला, शनिवारी सकाळी, टेक्ससमधल्या एल पासोच्या वॉलमार्टमध्ये एका माणसाने रायफलने गोळीबार केला, शाळा सुरू व्हायच्या आधीची खरेदी चालू होती म्हणजे दुकान भरलेलं, २२ माणसं तेव्हा गेली आणि हॉस्पिटलमध्ये असलेला एक माणूस २०२० च्या एप्रिलमध्ये गेला म्हणजे २३. मेक्सिकन लोकांच्या द्वेषापायी तो कितीतरी तास गाडी चालवत तिथवर आला होता. त्याच रात्री, म्हणजे ४ तारखेच्या पहाटे, ओहायोतल्या डेटनमध्ये ९ जण मारले गेले. आणि ह्या दोन्हीच्या आधी, ३० जुलैला, मिसिसिपीतल्या साउथहेवनच्या वॉलमार्टमध्ये कामावरून सस्पेंड केलेल्या एकाने दोन सहकाऱ्यांना गोळ्या घालून मारलं होतं. म्हणजे वॉलमार्टचा निळा वेस्ट घालून उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी दहा दिवसांत हे सगळं झालेलं. अशा आठवड्यात, त्याच कंपनीच्या दुकानात, जॅकेट आणि रायफल.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे वाचणाऱ्यांना इथं जरा थांबावं लागेल, कारण आपली सवय बरोबर उलटी आहे. पुण्या-मुंबईत मॉलमध्ये शिरताना बॅग मशीनमधून जाते, गार्ड अंगाला डिटेक्टर लावतो, बंदुकीचं लायसन काढायचं तर पोलिस आयुक्त नाहीतर कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि इलेक्शन आलं की असलेली बंदूकसुद्धा बऱ्याच जणांना पोलिस स्टेशनात जमा करावी लागते. मिझुरीत ह्यातलं काहीच नाही. तिथं बंदूक उघड दिसेल अशी बाळगणं सर्वसाधारणपणे कायदेशीर आहे, आणि १ जानेवारी २०१७ पासून तर कपड्याखाली लपवून बाळगायलाही परमिट लागत नाही. त्याआधी २०१४ च्या ऑगस्टमध्ये मतदारांनी मिझुरीच्या स्वतःच्या घटनेत दुरुस्ती करून शस्त्र बाळगायचा हक्क आणखी पक्का केला होता. दुकानाच्या दाराशी चेकिंग वगैरे प्रकारच नसतो. तेव्हा त्या पोराच्या अंगावरच्या वस्तू एकेक करून बघितल्या तर रायफल चालते, पिस्तूल चालतं, बुलेटप्रूफ जॅकेट चालतं, व्हिडिओ काढणंही चालतं.

चालत नाही ते हे की हत्यार रागाने किंवा धमकावण्याच्या पद्धतीने लोकांसमोर दाखवायचं. आता धमकावण्याची पद्धत म्हणजे काय हे कुणी मोजपट्टीने ठरवलेलं नाही. खांद्याला टांगलेली रायफल चालेल, समोर छातीवर धरलेली? बोट ट्रिगरवर नाही पण हात ग्रिपवर आहे तर? हे कोर्टात सहा महिन्यांनी ठरतं, दुकानात सहा सेकंदात ठरवावं लागतं.

दुकानदाराला काय अधिकार आहे? दुकान त्याचं आहे, म्हणून तो "आत बंदूक नको" म्हणू शकतो. मिझुरीच्या कायद्यात लपवून बाळगलेल्या बंदुकीसाठी तर बोर्डाचं मापसुद्धा दिलंय, कमीत कमी ११ बाय १४ इंच, अक्षर एक इंचापेक्षा लहान नको. पण गंमत अशी की बोर्ड असूनही आत आलास तर तो गुन्हा नाही, तुला जा म्हणतील, आणि तरीही गेला नाहीस आणि पोलिस आले तर पहिल्या वेळी जास्तीत जास्त १०० डॉलर दंड. म्हणजे पहिलं पाऊल कुणी उचलायचं? दुकानातल्याच कुणीतरी जाऊन हातात बंदूक असलेल्या माणसाला सांगायचं की साहेब, कृपया बाहेर व्हा. आणि त्या दिवशी तर वॉलमार्टची अशी काही विनंतीही नव्हती, राज्याचा जो कायदा तोच आमचा नियम, असा तेव्हा त्यांचा हिशोब होता.

मॅनेजरच्या जागेवरून

आता त्या मॅनेजरच्या जागी उभं राहून बघा, त्याला काय दिसत होतं. एक तरुण, एकटा, जॅकेट, रायफल, पिस्तूल, हातात मोबाइल, कार्ट ढकलतोय. त्याला हे माहीत नव्हतं की रायफलमध्ये गोळ्यांचं मॅगझिन लावलेलं आहे पण चेंबरमध्ये गोळी नाही, म्हणजे लगेच झाडता येणार नाही, हे पोलिसांना नंतर कळलं, आणि कमरेच्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये मात्र गोळी होती हेही नंतरच. घरच्यांशी त्याचं काय बोलणं झालं, तो कसला व्हिडिओ करतोय, यातलं काहीच मॅनेजरला माहीत असायचं कारण नाही. माहीत एवढंच की पाच दिवसांपूर्वी असाच एक जण आपल्याच कंपनीच्या दुकानात आला होता.

समोर पर्याय किती होते? जाऊन बोलायचं, म्हणजे तो खरंच मारायला आला असेल तर पहिला बळी आपण. ९११ ला (तिकडचा इमर्जन्सी नंबर) फोन करून वाट बघायची, म्हणजे तोवर दुकानातली माणसं शेल्फांच्या मधे उभीच. काहीच करायचं नाही, कारण कायद्याने त्याचं काही चुकत नाही, आणि चार मिनिटांनी गोळीबार झाला तर जन्मभर ते डोक्यात. आणि चौथा, फायर अलार्म.

फायर अलार्मबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण ह्याच मुद्द्यावर बरेच सेफ्टीवाले लोक नाक मुरडतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. अमेरिकेत अशा प्रसंगासाठी शिकवतात ते पळा, लपा, आणि अगदीच वेळ आली तर लढा. ह्यातल्या प्रत्येक पायरीला एक गोष्ट माहीत असावी लागते, ती म्हणजे धोका कुठल्या बाजूला आहे. फायर अलार्म नेमकं तेच सांगत नाही, तो फक्त सगळ्यांना दाराकडे ढकलतो, आणि धोका दारातच असला तर? २०१८ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबार चालू असताना बंदुकीच्या धुराने-धुळीने अलार्म आपोआप वाजला आणि वरच्या मजल्यावरची मुलं आगीची ड्रिल समजून वर्गातून कॉरिडॉरमध्ये आली आणि तिथंच हल्लेखोरासमोर सापडली. त्यामुळे पुस्तकी उत्तर असं की अलार्म ओढू नका, माइकवरून साध्या भाषेत सांगा की कुठं काय आहे.

पण तेच पुस्तक त्या दुकानाला लावून बघा. नेबरहूड मार्केट म्हणजे वॉलमार्टचं छोटं रूप, मुख्यतः किराणा, साधारण ४० हजार चौरस फूट, सुपरसेंटरच्या मानाने कितीतरी लहान. शाळेसारखे बंद होणारे वर्ग नाहीत, लपायचं म्हटलं तर मागचा गोडाउनचा भाग सोडून जागा नाही. आणि माणूस अजून गोळी झाडत नाहीये, हा सगळ्यात मोठा फरक. पार्कलंडमध्ये अलार्म गोळीबार चालू असताना वाजला, इथं आधी. माइकवरून "गल्ली नंबर नऊमध्ये बंदूकवाला आहे" असं म्हणणं म्हणजे त्या माणसालाही कळवणं की आम्ही तुला हेरलंय. अलार्म वाजला तर लोक बाहेर जातात, नाव आगीचं असतं, कुणावर आरोप नाही, आणि तो माणूस नुसताच हौशी असेल तर तोही बाहेर जाईल. झालंही तसंच. माझ्या मते मॅनेजरजवळ जेवढी माहिती होती त्यात हा निर्णय बरोबर होता, आणि निकाल चांगला लागला म्हणून मी हे म्हणत नाहीये, चुकीचा निर्णयही कधीकधी नशिबाने निभावतो.

दाराबाहेर

बाहेरचा भाग बातम्यांमध्ये हिरोगिरी म्हणून आला, आणि त्या फायरमनचं धाडस खरंच मोठं, त्याबद्दल दुमत नाही. पण जरा बघा तिथं काय चित्र होतं. रस्त्यावर दोन माणसं, दोघांकडे बंदुका, एकाने दुसऱ्यावर रोखलेली, आजूबाजूला पळणारे लोक, आणि पोलिस काही मिनिटांतच तिथं पोचतात, त्यांना फोनवर कळलंय की दुकानात बंदूकवाला आहे. आता ह्यातला बंदूकवाला कोण? पिस्तूल रोखून उभा असलेला तर फायरमन आहे. पोलिसांनी डोकं थंड ठेवलं म्हणून निभावलं. नंतर पोलिस अधिकाऱ्यानेच सांगितलं की हा पोरगा जिवंत आहे हे त्याचं नशीब. मी म्हणेन त्या दिवशी फायरमनचंही नशीबच.

ओपन कॅरीच्या बाजूने नेहमी दिला जाणारा मुद्दा असा असतो की चांगल्या माणसाकडे बंदूक दिसली की वाईट माणूस दबकतो. ह्या केसमध्ये दोन्ही माणसं स्वतःच्या हिशोबाने चांगलीच होती, आणि लांबून दोघं सारखेच दिसत होते.

तो काय म्हणाला

पोलिसांना त्याने सांगितलं की हा एक सोशल एक्सपेरिमेंट होता, वॉलमार्ट सेकंड अमेंडमेंटचा मान राखतं का ते त्याला बघायचं होतं. अमेरिकन राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती म्हणजे शस्त्र बाळगायचा हक्क. व्हिडिओ काढायला ये म्हणून बहिणीला विचारलं होतं, ती नको म्हणाली, ही वाईट कल्पना आहे असं म्हणाली. बायकोनेही सांगितलं होतं की बाबा, लोक ह्याकडे गंभीरपणे बघतील, आत्ताच काय काय होऊन गेलंय. त्यावर ह्याचं म्हणणं असं की हे मिझुरी आहे, न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियात लोक घाबरले असते तर समजलं असतं, इथं कोण घाबरणार. बायकोने पोलिसांना त्याचं वर्णन अजून पोरकट आहे असं केलं, आणि एवढी सगळी कागदपत्रं बाजूला ठेवली तरी केसचं सगळ्यात अचूक निदान तेच वाटतं मला.

आता त्याच्या बोलण्यातलं एक वाक्य मात्र सोडून देता येत नाही, ते म्हणजे हे मिझुरी आहे. कारण त्यात तथ्य आहे! स्प्रिंगफील्ड म्हणजे बास प्रो शॉप्स ह्या शिकारी-मासेमारीच्या मोठ्या कंपनीचं गाव, कमरेला होल्स्टरमध्ये पिस्तूल लावून किराणा घेणारा माणूस तिथं दिसला तर कुणी फायर अलार्म ओढत नाही. म्हणजे लोक बंदुकीला घाबरले नाहीत, त्या सगळ्या अवताराला घाबरले. किराणा आणायला बुलेटप्रूफ जॅकेट ज्याला लागतं त्याला गोळीबाराची अपेक्षा आहे, आणि तो गोळीबार कोण करणार हा विचार बघणाऱ्याच्या डोक्यात येणारच ना.

आरोप कुठला लावला

सरकारी वकील होते डॅन पॅटरसन, ग्रीन काउंटीचे. त्यांच्यापुढे अडचण होती, बंदूक बाळगणं गुन्हा नाही, त्याने कुणावर रोखली नाही, तोंडाने धमकी दिली नाही. त्यांनी लावला दुसऱ्या दर्जाचा दहशतीची धमकी देण्याचा गुन्हा, ज्यात चार वर्षांपर्यंत कैद आणि १० हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ह्या कलमात एक खाच आहे, एखादी इमारत रिकामी करावी लागेल ह्या धोक्याची बेफिकिरी करून वागणं, हेही त्यात बसतं. म्हणजे घाबरवायचा हेतू होताच असं सिद्ध करायची गरज नाही, असं होऊ शकतं हे दिसत असून केलंस एवढं पुरतं. आणि इथं बायको आणि बहिणीने आधीच सावध केलं होतं ते बरोब्बर कामी येतं, कारण धोका माहीत होता हे त्याच्याच घरातून निघालं. पॅटरसननी म्हटलं की मिझुरी उघड बंदूक बाळगायच्या हक्काचं रक्षण करतं पण त्याचा अर्थ बेफिकीर वागून लोकांना धोक्यात घालायचा हक्क असा नाही, आणि थिएटरमध्ये खोटंच आग-आग ओरडण्याचा जो जुना दाखला अमेरिकन सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होम्स ह्यांच्या नावावर आहे तो दिला. गंमत बघा, इथं आगीची घंटा वाजवणारा मॅनेजर होता आणि आरोप दुसऱ्यावर.

गन राइट्सवाल्यांनी ह्यावर जो आक्षेप घेतला तो मला फालतू वाटत नाही. ते म्हणतात, मी जे करतोय ते कायदेशीर आहे, समोरचा घाबरला आणि त्याने घंटा वाजवली, तर त्याच्या घाबरण्यामुळे माझं वागणं गुन्हा कसं झालं? उद्या होल्स्टरमधलं पिस्तूल बघून एखादा नवखा माणूस घाबरला तर मला आत टाकणार का? प्रश्न बरोबर आहे, आणि ह्याच प्रश्नामुळे असल्या केसेस कोर्टात डळमळीत असतात. झालंही तसंच, केस ट्रायलपर्यंत गेली नाही, मोठा आरोप खाली आणून खोटा रिपोर्ट करण्याच्या किरकोळ गुन्ह्यावर त्याने कबुली दिली आणि प्रोबेशनवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर, सुटला. आता त्याने स्वतः कुणाला कसला रिपोर्ट केला होता? पण प्ली बार्गेनमध्ये, म्हणजे कबुलीच्या बदल्यात आरोप सौम्य करून घ्यायच्या सौद्यात, गुन्ह्याचं नाव आणि घडलेली गोष्ट ह्यांचं जमेलच असं नसतं, दोन्ही बाजूंना परवडेल असं खोकं शोधतात आणि त्यात केस बसवतात.

मग कंपनीने काय केलं

वॉलमार्टचं हेडक्वार्टर आर्कान्सामधल्या बेंटनव्हिलला, स्प्रिंगफील्डपासून गाडीने दोनेक तासांवर (आणि बेंटनव्हिलमध्ये आयटीतली आपली मराठी मंडळी बऱ्यापैकी आहेत, त्यातल्या कुणाकुणाला हे दिवस आठवत असतील). ३ सप्टेंबर २०१९ ला सीईओ डग मॅकमिलननी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं. पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद, .२२३ आणि ५.५६ सारख्या रायफलच्या गोळ्या बंद, अलास्कात तेवढी पिस्तुलं विकत होते तीही बंद. आणि ओपन कॅरीबद्दल, एल पासोनंतर काही लोक आमचा रिस्पॉन्स तपासायला हत्यारं घेऊन दुकानात आले आणि कर्मचारी-ग्राहक घाबरले, तेव्हा पोलिस सोडून इतरांना नम्र विनंती की उघड बंदूक घेऊन आत येऊ नका. लपवलेल्या बंदुकीबद्दल काही बदल नाही.

विनंती. बंदी नाही. आणि ती अमलात कशी आणायची तर भांडण न करता, कायदा पाळणाऱ्या ग्राहकाचा मान राखून. त्याच दिवशी क्रोगर ह्या किराणा कंपनीने तेच केलं आणि आठवड्याभरात वॉलग्रीन्स, सीव्हीएस, वेगमन्स अशा दुकानांच्या साखळ्यांची रांग लागली. पेपरात हेडलाइन आली की दुकानांनी बंदुकांवर पाऊल उचललं. पण त्या मॅनेजरच्या जागेवरून बघितलं तर काय बदललं? पूर्वी त्याला काही बोलायची सोय नव्हती, आता बोलायला एक वाक्य मिळालं, पण ते जाऊन बोलायचं त्यानेच.

ही अडचण कंपन्यांना कळत नव्हती असं अजिबात नाही. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये स्टारबक्स ह्या कॉफीच्या कंपनीचे तेव्हाचे सीईओ हॉवर्ड शुल्ट्झ ह्यांनी जेव्हा असंच जाहीर पत्र काढलं, तेव्हा त्यांनी सरळ लिहिलं होतं की आम्ही बंदी घालत नाही कारण बंदी घातली तर आमच्या कर्मचाऱ्यांना हत्यारबंद ग्राहकांसमोर उभं राहावं लागेल आणि ते काम मी त्यांना सांगणार नाही. प्रामाणिक उत्तर आहे. म्हणजे विनंती ही भाषा ग्राहकाच्या सन्मानासाठी जेवढी, तेवढीच कामगाराला मधे न ओढण्यासाठी. तरी प्रत्यक्षात कामगार मधे येतोच.

आणि हे सगळं सुरू कसं झालं त्याचा एक मजेशीर भाग टेक्ससमधला. २०१६ च्या आधी तिथं पिस्तूल उघड बाळगायला बंदी होती पण रायफल उघड बाळगायला नव्हती! मग पिस्तुलाचा कायदा बदला म्हणून आंदोलन करणारे लोक २०१४ मध्ये मुद्दाम रायफली घेऊन चिपोटलेच्या रेस्टॉरंटांमध्ये, टार्गेटच्या दुकानांमध्ये जायला लागले. खुद्द नॅशनल रायफल असोसिएशन ह्या बंदूकवाल्यांच्या बड्या संघटनेच्या साइटवर ह्या प्रकाराला विचित्र म्हणणारा मजकूर आला, मग आंदोलकांनी आरडाओरडा केल्यावर तो मागे घेतला. चिपोटले आणि टार्गेटने तेव्हाच विनंत्या काढल्या. १ जानेवारी २०१६ पासून टेक्ससमध्ये लायसनवाल्यांना पिस्तूल उघड बाळगता यायला लागलं (२०२१ पासून लायसनचीही अट गेली), पण तिथं दुकानदाराला कायद्याचं बळ असलेला बोर्ड लावता येतो, ठरलेला मजकूर, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत, एक इंची अक्षरं. तो बोर्ड असताना उघड पिस्तूल घेऊन शिरलं की तो गुन्हाच. कंपन्यांच्या विनंतीपेक्षा हा रस्ता मला बरा वाटतो, निदान समोर जाऊन हुज्जत घालायचं काम पोलिसांकडे जातं.

दोन शेजारच्या केसेस

५ ऑगस्ट २०१४, ओहायो, बीव्हरक्रीकचं वॉलमार्ट. २२ वर्षांच्या एका काळ्या तरुणाने दुकानाच्याच शेल्फवर ठेवलेली छर्ऱ्याची रायफल उचलली, फोनवर बोलत फिरत होता. कुणीतरी ९११ ला सांगितलं की एक माणूस लोकांवर बंदूक रोखतोय. पोलिस आले आणि क्षणार्धात त्याला गोळ्या घातल्या, पळापळीत एका बाईला हार्ट अटॅक आला आणि तीही गेली. ओहायो हे ओपन कॅरीचं राज्य, म्हणजे बंदूक खरी आणि भरलेली असती तरी नुसती हातात असणं गुन्हा नव्हता. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला चालवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पोलिसांवर आरोप ठेवला नाही. स्प्रिंगफील्डचा गोरा पोरगा जॅकेट-रायफलसकट जिवंत पकडला जातो आणि हा नाही, ह्यावर अमेरिकेतले काळे लोक काय म्हणतात ते ऐकल्याशिवाय ओपन कॅरीवर मत बनवू नये. कागदावर हक्क सगळ्यांना एकच आहे.

दुसरी, मार्च २०२१, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटातलं पब्लिक्स नावाचं किराणा दुकान. कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या किराणा दुकानात १० माणसं मारली गेली त्याला दोनच दिवस झालेले, आणि इथं एकाला दुकानातच सहा बंदुका आणि बुलेटप्रूफ जॅकेटसकट धरला. बघितलं कुणी तर ऑर्डर घ्यायला आलेल्या डिलिव्हरीवाल्या पोराने. इथंही वकिलांना तोच प्रश्न पडला, जॉर्जियात बंदुका बाळगायला चालतात, मग आरोप कसला लावायचा. आणि इथंही पहिला निर्णय दुकानात कामाला आलेल्या साध्या माणसानेच घेतला.

तिकडे राहणाऱ्यांसाठी

नवीन गेलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा, होल्स्टरमध्ये पिस्तूल असलेला माणूस दूध घेताना दिसला तर बऱ्याच राज्यांत तो रोजचा प्रकार आहे, टक लावून बघू नका, व्हिडिओ तर काढूच नका. हातात रायफल, अंगावर जॅकेट असं काही दिसलं तर कार्ट जिथल्या तिथं सोडा, पोरांना घ्या आणि बाहेर पडा, कायदेशीर आहे का ह्याचा विचार गाडीत बसून करा. ९११ ला फोन केलात तर डोळ्याला दिसलं तेवढंच सांगा, बंदूक खांद्याला आहे की हातात, नळी कुठल्या दिशेला, तो कुठल्या दाराजवळ. "लोकांवर रोखतोय" हे खरंच बघितलं असेल तरच बोला, बीव्हरक्रीकमध्ये ह्या एका वाक्याने काय झालं ते वर लिहिलंच आहे.

आणि एच-वन, एफ-वन वगैरे व्हिसावर असाल तर एक गोष्ट वेगळी, आजूबाजूच्या राज्याचा कायदा कितीही ढिला असला तरी फेडरल कायद्याने अशा व्हिसावाल्यांना बंदूकच काय गोळ्याही जवळ बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, शिकारीचं वैध लायसन असण्यासारखे थोडेच अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. ऑफिसातला मित्र म्हणाला की इथं काही परमिट-बिरमिट लागत नाही, घेऊन टाक, तर तो स्वतःबद्दल खरं बोलतोय, तुमच्याबद्दल नाही, आधी इमिग्रेशन वकिलाला फोन लावा.